तुटलेला क्रँक पुली बोल्ट: जागेवर काढावा की क्रँकशाफ्ट उतरवावा?

जुन्या गाडीच्या क्रँक पुलीचा (इंजिनचा मुख्य फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, त्याच्या टोकावरच्या पट्ट्याच्या चाकाचा) बोल्ट आतच तुटला, तर रेडिएटर काढून जागेवरच तुकड्याच्या बरोबर मध्यावर डाव्या आट्यांच्या ड्रिलने भोक पाडणे हा मला पहिला उपाय वाटतो, कारण उलटे फिरणारे ड्रिल पुष्कळदा तुकडा स्वतःच सैल करते. तुकडा बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट वेल्ड केल्यास उष्णतेने गंजाची पकडही सुटते. मात्र भोकात घालून तुकडा उलटा फिरवून काढणारा कठीण पोलादाचा एक्स्ट्रॅक्टर आत मोडला, तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. तेव्हा, किंवा आटेच खराब झाले असतील तेव्हा, इंजिन उतरवून क्रँकशाफ्ट सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील चांगल्या लेथवाल्याकडे न्यावा. हा मार्ग महाग व वेळखाऊ आहे, पण भोक अक्षातच राहते. दोन्ही मार्गांत बोल्ट नवाच घालावा आणि तो टॉर्क रेंचनेच (जोर मोजून कसणाऱ्या पान्याने) कसावा.