धंदा विकला, खाते कोणाचे? नोंदवलेला दुवा आणि कामगारांचा माग

अमेरिकेत बेरोजगारी विम्याचा कर मालकाच्या राज्याकडील विमा-कर खात्याच्या पूर्वानुभवावरून ठरतो. ज्याने कामावरून कमी केलेल्या कामगारांना अधिक बेरोजगारी भत्ता दिला गेला, त्याचा दर सहसा चढा असतो. म्हणून धंदा विकला गेला, की नवे खाते जुन्याचे उत्तराधिकारी आहे का, हा प्रश्न थेट पैशाचा होतो.

हे ओळखण्याचा पहिला मार्ग नोंदवलेल्या दुव्याचा. मालक राज्याच्या विभागाला हस्तांतरण कळवतो आणि दोन खाते क्रमांक जोडले जातात. हस्तांतरणाची तारीख आणि धंदा पूर्ण गेला की अंशतः, हे यात स्पष्ट असते. पण ज्याला जुना चढा दर चुकवायचा आहे, तो कशाला कळवील? या चुकवेगिरीसाठीच 2004 मध्ये संघीय कायदा झाला आणि दोन्हीकडे बव्हंशी समान मालकी, व्यवस्थापन वा नियंत्रण असल्यास जुना अनुभव नव्या खात्याकडे नेणे राज्यांना बंधनकारक ठरले.

दुसरा मार्ग तिमाही वेतन नोंदींचा, म्हणजे कोणत्या खात्यावर कोणाला किती पगार मिळाला याच्या दर तीन महिन्यांच्या नोंदींचा. एका खात्यावरचे बहुतेक कामगार पुढच्या तिमाहीत एकगठ्ठा दुसऱ्या खात्यावर दिसले, तर मालक केवळ कागदावर बदलला असावा, असा तर्क करता येतो. जनगणना विभागाशी संबंधित संशोधनात यासाठी 80 टक्क्यांचा उंबरठा वापरला गेला आहे. न कळवलेले बदल पकडण्यात हा मार्ग मला सरस वाटतो. कर आकारायला मात्र तो एकटा पुरेसा नाही. चार कामगारांच्या दुकानात योगायोगही तसाच दिसतो, आणि पगाराचे काम बाहेरच्या सह-मालक संस्थेकडे (कागदोपत्री कामगारांची मालक बनून पगार सांभाळणाऱ्या कंपनीकडे) सोपवले, तरी माणसे जागची न हलता नोंदीत हललेली दिसतात.