मुलुंडमध्ये मागच्या अंगणातलं रान काढून घेतलं: मशीनला दोन स्टार, कुदळीला पाच

आमच्या सोसायटीच्या मागे पंपहाऊस आणि कंपाउंड वॉलच्या मधे साधारण तीस बाय पंधरा फुटांचा पट्टा आहे, तिथे वर्षानुवर्षं सहसा कोणी फिरकायचं नाही. पावसाळ्यात कमरेएवढं रान माजायचं, टणटणी, टाकळा, गाजर गवत, भिंतीला चिकटून सुबाभूळ. यंदा आम्ही चार घरांनी मिळून ठरवलं की इथे भाजी लावायची, कमिटीची परवानगी घेतली आणि अनंत चतुर्दशी झाल्यावर एका गार्डन क्लीनिंगवाल्या टीमला बोलावलं. नाव टाकत नाही, मला कोणाला बदनाम करायचं नाहीये, असं काम कसं करून घ्यावं एवढंच सांगायचंय.

पहिल्या वेळेला दोन मुलं पेट्रोलवरचं ग्रास कटर मशीन घेऊन आली. एक गोष्ट आवडली, मशीन चालू करायच्या आधी दोघं लांब काठ्या आपटत पूर्ण पट्टा फिरले. आपल्याकडे नॅशनल पार्क जवळ, घोणस निघू शकते, त्यामुळे हे कोणी करत नसेल तर त्याला आत पाऊलच टाकू देऊ नका. तोंडावर जाळी, पायात गमबूट, सगळं नीट होतं. तीन तासांत सपाट मैदान, 2800 रुपये. "ताई, एकदम साफ झालं बघा," म्हणाले आणि खरंच तसं दिसत होतं, मी लगेच ग्रुपवर फोटोपण टाकले.

बाराव्या दिवशी परत हिरवंगार!

कारण मशीन फक्त वरचं कापतं. आमच्याकडे खाली होता लव्हाळा आणि हरळी, आणि ही दोन्ही कापून मरत नाहीत. हरळीच्या दोरीसारख्या फांद्या जमिनीलगत पळतात आणि पेरापेराला मूळ धरतात, तुकडा पडला की तिथून नवीन. लव्हाळ्याच्या तर जमिनीत गाठी असतात, वरची पात कापली की गाठ परत पात सोडते. आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो गाजर गवताचा, ते फुलावर आलेलं होतं आणि मशीनने त्याचा भुगा करून पट्टाभर उडवला. एका झाडाला हजारो बिया धरतात, आणि माझ्या दोन्ही हातांवर चार दिवस पुरळ होतं ते वेगळंच. गाजर गवत फुलायच्या आधी, ओल्या मातीतून, ग्लोव्हज घालून हातानेच उपटायचं असतं, हे त्यांनी मला सांगायला हवं होतं.

फोन केला तर मालक म्हणाले, तण मारायचं औषध मारून देतो, ग्लायफोसेट. मी सरळ नाही म्हटलं. जिथे महिन्याभरात मुलांसाठी पालक पेरायचाय तिथे नकोच, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केलाय, कोणीही उठून पंप घेऊन मारायची वस्तू नाही ती. मग ते म्हणाले, खणावं लागेल, माणसं वेगळी पाठवतो.

आणि ती जी माणसं आली ना, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय. एक काका आणि दोन मावशी, कुदळ, पहार, खुरपी आणि घमेली. काकांनी आदल्या दिवशीच निरोप दिला होता की जमीन संध्याकाळी भिजवून ठेवा. सकाळी कुदळ खोल जात होती आणि ढेकूळ अख्खं उलटत होतं, मग मावशी ते हातात घेऊन फोडायच्या. लव्हाळा खेचायच्या नाहीत, कारण खेचला की पात हातात येते आणि गाठ आतच राहते. दोऱ्यासारख्या मुळाचा माग काढत जायचं, एक काळपट गाठ, पुढे दोन बोटांवर दुसरी, मग तिसरी, चण्याएवढ्या. मावशींनी एक नखाने चिरून माझ्या नाकाशी धरली तर चक्क उटण्याचा वास! उटण्यातला नागरमोथा याच जातकुळीतला. दोन दिवस दिवाळीसारखा वास येत होता मागच्या बाजूला.

दोन दिवसांचे 4800 झाले, एकही रुपया जास्त वाटला नाही. फक्त एक तक्रार आहे. खाली निम्मी माती नव्हतीच, भराव होता, टाइल्स, पेव्हर ब्लॉकचे तुकडे, काचा, चौदा गोण्या भरल्या आणि त्या गेटपाशी ठेवून टीम निघून गेली. डेब्रिज उचलायचे पैसे वेगळे, हे आधी कोणीच बोललं नव्हतं. तुम्ही आधीच विचारून घ्या.

गाठी गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात पसरून कडकडीत वाळवल्या, ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथून परत फुटतील. नंतर लाल माती आणि शेणखत मिसळून वाफे केले, लाल माठ आणि मेथी पेरली. लव्हाळा अजून डोकं काढतोच, पण आता रोज चहाच्या आधी पाच मिनिटं खुरपं घेऊन जाते, चार पानांच्या आत काढला की नवीन गाठी धरत नाही.

परत बोलवीन, पण मशीनवाल्यांना फक्त सुबाभूळ आणि टणटणी कापायला, बाकी सगळं काका-मावशींकडे. एका कोपऱ्यातली हरळी मात्र ठेवायला सांगितली होती, कारण तळमजल्यावरच्या आजी गणपतीत दूर्वा तिथूनच काढतात. काकांनी भरावातल्याच टाइल्स उभ्या करून त्याच्याभोवती फूटभर खोल गाडून दिल्या, म्हणजे ती वाफ्यात घुसणार नाही. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.