मधल्या बोलीवर तुमचं डबल: पेनल्टी की निगेटिव्ह?

ब्रिजमध्ये भिडूने एक किलवरच्या बोलीने सुरुवात केली, प्रतिस्पर्धी मध्येच एक इस्पिक बोलला. आता तुम्ही डबल (मूळ अर्थ: ही बोली पडेल, दंड वाढवा) म्हणालात तर भिडूने काय समजायचं? नव्या जोडीने खेळायला बसण्याआधी हे ठरवायलाच हवं.

जुना, पेनल्टीचा अर्थ सरळ आहे: इस्पिकची दमदार पानं माझ्याकडे आहेत, त्यांना इथेच पाडू. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत अल्विन रॉथ यांनी दुसरा, निगेटिव्ह अर्थ पुढे आणला: न बोललेले रंग माझ्याकडे आहेत, तू निवड. त्याच वर्षी सोडलेल्या उपग्रहावरून त्याला स्पुटनिक डबलही म्हणायचे.

समजा हातात इस्पिक सत्ता-चौका, बदाम राजा-गुलाम-अठ्ठा-तिर्री, चौकट राणी-नव्वा-छक्का-दुर्री आणि किलवर गुलाम-पंजा-दुर्री आहेत. गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) सात. दोन बदाम बोलायला पाच बदाम आणि जास्त ताकद लागते, नो ट्रम्पसाठी (हुकूमाशिवाय खेळायची बोली) इस्पिक अडवणारं पान नाही. डबल पेनल्टीचं असेल तर पास करावा लागतो आणि चार-चार बदामांची जोड बहुतेक वेळा हरवते. निगेटिव्ह डबल नेमके हेच चार बदाम सांगतं. अशी पानं वारंवार येतात. एकच्या पातळीवर प्रतिस्पर्ध्याला चिरडता येईल अशी क्वचित.

तशी आलीच, म्हणजे इस्पिक राजा-गुलाम-दश्शा-अठ्ठा-चौका, बाहेर एक्का, तर निगेटिव्ह खेळणाऱ्याने शांतपणे पास करायचा. सुरुवात करणाऱ्या भिडूकडे इस्पिक कमी असतील तर त्याने पुन्हा डबल द्यायचं आणि तुम्ही ते पास करून पेनल्टी वसूल करायची. व्हल्नरेबल (पडल्यास जास्त दंड बसणारा) प्रतिस्पर्धी दोन हातांनी पडला, म्हणजे बोलीपेक्षा दोन हात कमी जिंकला, तर ५०० मिळतात. भिडूला हे पुन्हा डबल देण्याची सवय नसेल, तर निगेटिव्हचा निम्मा फायदा वाया जातो.

दोघांच्या डोक्यात वेगवेगळे अर्थ असणं सर्वांत महाग. वरच्या सात गुणांवरचं डबल भिडूने पेनल्टी समजून पास केलं, तर प्रतिस्पर्धी एक इस्पिक सहज करतात आणि वरच्या प्रत्येक हाताला १०० किंवा २०० घेतात.

माझं मत निगेटिव्हच्या बाजूने आहे. सुरुवातीला प्रतिस्पर्ध्याच्या दोन इस्पिकच्या बोलीपर्यंतच ठेवा, त्याहून वरच्या बोलीवर पेनल्टी. आयत्या वेळी भिडू मिळाला आणि बोलायला दोनच मिनिटं असतील, तर मात्र त्याच्या सवयीचा अर्थ घ्या. प्रतिस्पर्धी मध्ये एक नो ट्रम्प बोलला, तर निगेटिव्ह खेळणाऱ्यांचंही डबल पेनल्टीचंच असतं.