रोमचं १५८७ चं ग्रीक बायबल: घ्या, पण पानं मोजून

सेप्टुअजिंट, म्हणजे हिब्रू जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ते सुरू झालं. त्याच्या जुन्या छापील आवृत्त्या जमवताना एकच मोठी खरेदी परवडणार असेल, तर पोप पाचव्या सिक्स्टसच्या आज्ञेवरून रोमला फ्रान्चेस्को झानेत्तीने छापलेली ही आवृत्ती घ्यावी. व्हेनिसच्या आल्दुस छापखान्याची १५१८ ची (आल्दिन) आवृत्ती आधीची आहे खरी. पण व्हॅटिकनमधल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखिताचा आधार छापील मजकुराला पहिल्यांदा मिळाला तो इथे, आणि पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेकांनी हाच मजकूर पुन्हा पुन्हा छापला.

फसगत होते ती त्यामुळेच. ‘सिक्स्टसच्या अधिकाराने प्रकाशित’ हे शब्द पॅरिसच्या १६२८ च्या ग्रीक-लॅटिन आवृत्तीवरही आहेत. यादीत नुसतं ‘सिक्स्टाइन’ लिहिलं असेल तर शीर्षकपानाचा स्पष्ट फोटो मागवा. रोम, झानेत्ती आणि रोमन अंकांतलं साल, तिन्ही दिसायला हवं. सालाशी भिंग धरा. छापलेला आकडा १५८६ चा आहे. बऱ्याच प्रतींत शेवटी एक उभी रेघ लेखणीने ओढून त्याचं १५८७ केलेलं असतं. ती रेघ त्याच काळातली दुरुस्ती आहे, खाडाखोड समजून प्रत नाकारू नका.

मग पानं मोजा. मजकुराची ७८३ पृष्ठं, त्यामागे पुरवणीचं एक पृष्ठ. सुरुवातीच्या बिनक्रमांकाच्या पानांवर कार्डिनल आन्तोनियो काराफाचं अर्पणपत्र, वाचकांसाठी प्रस्तावना आणि ८ ऑक्टोबर १५८६ ची पोपची परवानगी. हरवतात ती हीच पानं, कारण बांधणी सैल झाली की पहिला मार त्यांनाच बसतो. नुसत्या पृष्ठांकांवर विसंबू नका, जुन्या छपाईत आकडे चुकतात. वाक्य पुढच्या पानावर नीट चालू राहतं का तेही बघा.

आधुनिक कागदावरचं बदललेलं पान ओळखायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उपयोगी पडते. अंधारात आधुनिक पांढरा कागद निळसर चमकतो, चिंध्यांचा जुना कागद मंदच राहतो. शिवाय साध्या टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरपा टाकला की छपाईच्या खऱ्या खिळ्यांचा दाब कागदाच्या पाठीवर उठून दिसतो.

‘हे छापील व्हॅटिकन हस्तलिखितच’ असं विक्रेते सर्रास सांगतात, ते अर्धसत्य आहे. त्या हस्तलिखितात उत्पत्तीचा ४६ व्या अध्यायापर्यंतचा भाग नाही, स्तोत्रांतलाही एक तुकडा गळालेला आहे आणि मक्काबींची पुस्तकं मुळातच नाहीत. ती भर संपादकांनी इतर हस्तलिखितांतून घातली. दानीएलचा ग्रंथ तर थिओडोशन या वेगळ्या अनुवादकाच्या भाषांतरातला. मूळ सेप्टुअजिंटचा दानीएल छापून आला तो थेट १७७२ मध्ये. आणि हा फक्त जुना करार आहे, नवा करार यात नाही.

आजच्या टायपात ग्रीक शिकलेल्याला सुरुवातीला वाचन जड जातं. ओमिक्रॉन आणि अप्सिलॉन एकावर एक चढून एकच अक्षर होतात. आठवडाभर जोडाक्षरांचा तक्ता शेजारी ठेवला की डोळा बसतो.

अँटवर्पच्या प्लांतँ या मुद्रकाचा बहुभाषी बायबलचा आठ खंडांचा संच हा दुसरा पर्याय. १५८० मध्ये गोव्याहून गेलेल्या जेझुइटांनी अकबराला भेट दिला तो हाच. पण पूर्ण संच जुळणं कठीण, आणि सुटा खंड घेण्यात अर्थ नाही. खिसा लहान असेल तर केंब्रिजची १६६५ ची, जॉन फील्डने छापलेली छोटेखानी प्रत बघा. इंग्लिश धर्मपंडित जॉन पिअर्सनची प्रस्तावना तिच्यात हवीच.

इटलीतून मागवताना निर्यात परवाना विक्रेत्याकडूनच काढून घ्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चर्मपत्राचे पुठ्ठे दमट हवेने वाकतात आणि मिटेनासे होतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, ग्रंथ आडवा ठेवा, कसरीसाठी दर महिन्याला पानं चाळा. फाटलेल्या कडेला सेलोटेप कधीही लावू नका; त्याचा डिंक कागदात मुरून पिवळा पडतो आणि मग निघत नाही.