वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरचा लाकडी घाणा: खोबरेल घ्या, शेंगदाणा दिवाळीनंतर

सूनबाईला सहावा महिना लागला आणि आमच्याकडे तेलाच्या डब्यावरून वाद सुरू झाला. विहीणबाई कुडाळहून रोज सकाळी मोबाईलवर निरोप पाठवतात: रिफाइंड तेल म्हणजे विष, त्यानेच मुलं होत नाहीत, झालीच तर अशक्त होतात. मुलगा म्हणाला, घाण्याचंच आणूया. मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. म्हटलं, आणूया, पण आधी मी जाऊन बघते.

वेंगुर्ल्याहून कुडाळला जाताना डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे, तोच हा घाणा. बैल नाही, मोटर आहे, पण उखळ आणि त्यात फिरणारा दांडा, म्हणजे लाट, लाकडाची. लाट इतकी सावकाश फिरते की बघता बघता डुलकी लागावी. तेलात बोट बुडवून बघितलं, कोमट होतं. मालक माझाच विद्यार्थी निघाला. "रिफाईंड म्हणजे इख, बाई. पोटातल्या पोराक तरास होतलो," त्याने सुरुवात केली. नववीतही तो उत्तर असंच ठणकावून द्यायचा, प्रश्न न वाचता.

त्याचं अगदीच चुकीचं नाही. रिफाइंड करताना शेवटी तेलाचा वास घालवायला निर्वात टाकीत 200 अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. तेव्हा थ्री-एमसीपीडी आणि ग्लिसिडॉल यांची संयुगं तयार होतात, पामतेलात सगळ्यात जास्त. उंदरांना थ्री-एमसीपीडी दिल्यावर मूत्रपिंडं बिघडली, नरांच्या शुक्रजंतूंवर परिणाम झाला. अशा चाचण्यांत गाभण माद्यांना आणि पिल्लांनाही तपासतात. मग त्रास सुरू होतो त्या मात्रेच्या कितीतरी खाली माणसासाठी मर्यादा आखतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये ही मर्यादा शरीराच्या दर किलोमागे रोज 2 मायक्रोग्रॅम धरली. सूनबाईचं वजन 60 किलो, म्हणजे 120 मायक्रोग्रॅम. घरच्या फोडणीने ती ओलांडली जाईल असं मला वाटत नाही. पाच किलोच्या बाळाला मात्र 10 च. त्यामुळे त्या संस्थेची काळजी फक्त डब्याच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळांबद्दल जास्त होती, कारण त्या पावडरीत वनस्पती तेलं असतात. विहीणबाईंच्या निरोपात यातलं अक्षरही नाही.

पण कच्चं, म्हणजे रिफाइंड न केलेलं तेल निर्धोक, हे कोणी सांगितलं? सरकीचं बघा. चीनमध्ये 1950 च्या दशकात काही गावांतले लोक घरगुती घाण्याचं कच्चं सरकीतेल खायला लागले आणि तिथे मुलं होईनाशी झाली. कारण सरकीतलं गॉसिपॉल. पुढे तेच पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठ हजारांहून जास्त जणांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, म्हणून सोडून दिलं. हे गॉसिपॉल काढून टाकतं ते रिफाइनिंगच. हे ऐकवल्यावर मालक गप्प झाला आणि त्याने चहा मागवला.

आता माल. खोबरेल घेतलं, लिटरला 480 रुपये. खोबऱ्याची वाटी मोडून बघितली: आतून पांढरी, कडकन तुटली, धुराचा वास नाही. "मे म्हयन्यातला खोबरा, बाई. वतात सुकयलला." उन्हात वाळवलेलं, हे महत्त्वाचं. पावसात खोबरं करवंट्यांच्या धगीवर सुकवतात, तेव्हा धुरातली बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं खोबऱ्यात आणि तिथून तेलात उतरतात. ती वारेतून (प्लासेंटातून) गर्भापर्यंत पोचतात. काळपट, धुरकट वाटीचं तेल गरोदर बाईला देऊ नये, मग ते लाकडी घाण्याचं असो की सोन्याच्या. हे तेल मात्र उत्तम. घावण्याच्या काविलीला लावलं तर शेजारीण विचारायला आली.

शेंगदाणा तेल 330. हिशेब करून बघितला: लाकडी घाण्यात किलोभर दाण्यांचं साधारण 400 ग्रॅम तेल निघतं, म्हणजे लिटरला सव्वादोन किलो दाणे. भाव पटला. यापेक्षा फार स्वस्त देणारा भेटला तर बाटलीत काय आहे ते विचारा. पण मी घेतलं नाही. श्रावणातली हवा, पोतं भिंतीला टेकलेलं, मूठभर दाणे चोळले तर तीन कुबट निघाले. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. ते यकृताला वाईट, आणि वारेतून बाळाकडे जातं. बहुतेक पेंडीत राहतं, थोडं तेलात आणि तळाच्या गाळात येतं. कारखान्यात रिफाइंड करताना अल्कलीने ते निघून जातं, घाण्यावर निघत नाही. शिवाय पेंड वाडीतल्या गोठ्यांत जाते, तिथून त्याचा अंश दुधात. मालकाला म्हटलं, पोती फळीवर ठेव, दाणे निवडून घाल. "व्हय बाई," म्हणाला. नवा, खडखडीत वाळलेला दाणा येईपर्यंत, दिवाळीपर्यंत, आम्ही शेंगदाण्याचं रिफाइंडच वापरतोय. पुडक्यावर 'एफ' आणि अधिक चिन्ह असलेलं, म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं. विहीणबाईंना कळवलेलं नाही.

एक गोष्ट मला घाण्याहून जास्त खटकली, ती आमच्याच स्वयंपाकघरात. सूनबाई चार वाजता चहाबरोबर रोज चार खारी खाते, नाक्यावरच्या बेकरीतली. त्यात कुठली चरबी, विचारलं तर पोऱ्या हसतो. निकेलच्या मदतीने हायड्रोजन घालून तेल घट्ट करतात, ते अर्धवट राहिलं की ट्रान्सफॅट होतात. आईने खाल्लेले ट्रान्सफॅट बाळाकडे वारेतून जातात, पुढे दुधातूनही. आपल्याकडे जानेवारी 2022 पासून तेला-तुपात त्यांची मर्यादा 2 टक्के आहे, पण सुट्या मालावर कसला छापा? तेव्हा तूर्त खारी बंद, घरची तांदळाच्या पिठाची बोरं चालू. सूनबाई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

घाण्यावरची माझी तक्रार बाटलीची. खोबरेल पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत दिलं, वर तारीख नाही. दुसऱ्या खेपेला मी घरची काचेची बरणी नेली आणि तारीख लिहून मागितली. त्याने कानावरची पेन्सिल काढून झाकणाला चिकटवलेल्या कागदावर तारीख घातली. घरी येऊन बघते तर ती त्या दिवसाची, तेल काढल्याची नव्हे.