लिव्हरवर पाळत: सहामाही सोनोग्राफी की रक्तातला डीएनए?

हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिसची (लिव्हर कडक होत जाण्याची) सुरुवात, रोज रात्री विषाणू दाबून ठेवणारी टेनोफोव्हिरची गोळी आणि दर सहा महिन्यांनी लिव्हरची तपासणी, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांचं लिव्हर ठणठणीत आहे आणि जे जाहिरात बघून 'एकदा करून टाकू' म्हणतायत, त्यांनी यातलं काहीच करू नये असं आपलं माझं मत. कारण पुढे हिशेबात येईलच.

जुनी जोडी म्हणजे सोनोग्राफी आणि एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं एक प्रथिन. नवी म्हणजे रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे तपासून लिव्हर कॅन्सरची चाहूल घेणं. मी दोन्ही केल्यात.

जुन्या जोडीबद्दल तक्रारी कमी नाहीत. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत सोनोग्राफी सेंटरांना तोटा नाही. तोटा आहे तो लिव्हरकडे निवांत बघणाऱ्या माणसाचा. आपण सकाळपासून उपाशी. बाटलीभर पाणी पिऊन अवघडून बसलेल्या बायकांना आधी आत घेतात, आणि ते योग्यच आहे, पण आपला नंबर लागेपर्यंत 'गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी तोंडपाठ होते. आत गेल्यावर गार जेली, 'श्वास घ्या, धरा, सोडा', 'डाव्या कुशीवर वळा', आणि चहा निवायच्या आत काम संपतं. रिपोर्टात शेवटी एक ओळ असते: आतड्यातल्या गॅसमुळे तपासणीला मर्यादा. म्हणजे नेमकं काय दिसलं नाही? लिव्हरचा वरचा घुमट बरगड्यांआड लपतो, पोट सुटलेलं असेल तर चरबी आवाजाच्या लहरी अडवते, हे सगळं खरं. पण ते कोणी सांगत नाही.

आकडेही फार गोड नाहीत. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर नुसत्या सोनोग्राफीने ४५ टक्केच सापडत होता. एएफपी जोडली की ६३ टक्के. एएफपी एकटी तर लहरी. हिपॅटायटिस उसळला तरी ती वाढते आणि कित्येक लहान गाठी एएफपी रक्तात टाकतच नाहीत. म्हणून २० नॅनोग्रॅमच्या धोक्याच्या रेषेपेक्षा ती दर वेळी कुठे चाललीय ते बघायचं. गोळी नियमित असेल तर एएफपी खाली बसते, आणि मग तिचं पुन्हा डोकं वर काढणं लगेच कळतं.

तरी या जोडीच्या पदरात एक गोष्ट आहे. शांघायमध्ये हिपॅटायटिस बी किंवा जुना लिव्हरचा आजार असलेल्या सुमारे १९ हजार लोकांच्या दोन गटांपैकी एकाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी केली. २००४ साली निकाल छापून आला: तपासणी झालेल्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. त्या अभ्यासावर टीका झालीय, पण मृत्यू कमी झाल्याचा असा आकडा डीएनए चाचणीच्या खात्यावर अजून जमा झालेला नाही.

आता डीएनए. पेशी मरताना आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात टाकतात. रक्तात असा मोकळा डीएनए असतो, हे १९४८ पासून माहीत आहे. कॅन्सरच्या पेशीत काही जनुकांवर मिथाइलच्या (डीएनएला चिकटणाऱ्या एका छोट्या रासायनिक गटाच्या) खुणा वेगळ्या जागी बसलेल्या असतात आणि ही चाचणी त्या खुणा वाचते. अमेरिकेत 'हेलिओलिव्हर' नावाची अशी चाचणी आहे. तीत २८ जनुकांवरच्या खुणा, एएफपीसकट तीन प्रथिनं, वय आणि स्त्री की पुरुष हे एकत्र करून निकाल काढतात. २०२२ च्या अभ्यासात तिने एकूण ८५ टक्के आणि सुरुवातीच्या टप्प्यातले ७६ टक्के कॅन्सर ओळखले. कॅन्सर नसलेल्यांपैकी ९१ टक्क्यांना बरोबर 'नाही' सांगितलं. एएफपीपुढे हे फारच सरस दिसतं. फक्त त्या अभ्यासात कोणाला कॅन्सर आहे हे आधीच ठाऊक होतं. नुसती पाळत ठेवलेल्या, अजून काही न सापडलेल्या माणसांवर असे आकडे सहसा खाली येतात. लहान गाठ रक्तात डीएनए टाकते किती? चिमूटभर. आणि सिरॉसिसचं लिव्हर स्वतःच पेशी गाळत असतं, त्या गर्दीत ती चिमूट शोधायची.

सोयीच्या बाबतीत मात्र डीएनएच्या आसपासही कोणी येत नाही. उपास नाही, रांग नाही, लॅबचा मुलगा सकाळी घरी येतो. नळी वेगळी असते, कारण साध्या नळीत पांढऱ्या पेशी काही तासांत फुटतात आणि त्यांचाच डीएनए सगळीकडे होतो. मागवताना एवढंच बघा, की काउंटरवर नुसतं 'डीएनए' म्हटलंत तर हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) करून देतील. तीही महत्त्वाची तपासणी आहे, पण दुसरीच.

माझा निर्णय कशावर ठरला ते सांगतो. माझा डीएनएचा रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. 'सिग्नल आढळला.' बस्स. किती मोठं, कुठे, लिव्हरच्या आठ भागांपैकी कुठल्या भागात (सेगमेंटमध्ये), काही नाही. पत्ता नसलेली तार हातात पडावी तसं. लॅबच्या नंबरवरून एक बाई फार अदबीने 'सर, आपण आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा' एवढंच म्हणत राहिल्या. डॉक्टरांनी ट्रायफेजिक सीटी सांगितला, म्हणजे शिरेत औषध सोडून तीन टप्प्यांत काढायचा सीटी. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी, मग सलाइनची सुई, मग ते अंगभर गरम वाटणारं औषध. सीटी स्वच्छ. आता काय? डॉक्टर म्हणाले, एकतर सिग्नल खोटा, नाहीतर गाठ इतकी लहान की अजून दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. ते तीन महिने घरात कोणी नीट झोपलं नाही. पुढचा रिपोर्ट 'आढळला नाही' असा आला, तेव्हा बायको म्हणाली, "आता कुठल्यावर विश्वास ठेवायचा?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि हा नुसता माझ्या नशिबाचा भाग नाही. सिरॉसिसमध्ये वर्षाला शंभरात दोन-तीन जणांना कॅन्सर होतो, म्हणजे सहा महिन्यांत साधारण एकाला. उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी ९ टक्क्यांना, म्हणजे नऊ जणांना, चाचणी चुकून 'हो' म्हणणार. दहा 'हो'मध्ये खरा एखादाच. लिव्हर ठणठणीत असणाऱ्यांत तर तोही मिळणं कठीण, म्हणून सुरुवातीला नको म्हटलं. सोनोग्राफीही खोटी घाबरवते, नाही असं नाही. पण ती बोट ठेवून घाबरवते. माझ्या सहाव्या सेगमेंटमध्ये ६ मिलिमीटरची एक सिस्ट, म्हणजे पाण्याची साधी गाठ आहे. दर वेळी डॉक्टर जुनी प्लेट शेजारी धरून मोजतात आणि म्हणतात, "आहे तिथेच आहे, आहे तेवढीच आहे." सेंटीमीटरच्या आतलं नवं काही दिसलं तर तीन महिन्यांनी परत, वर गेलं तर सीटी किंवा एमआरआय. पुढची पायरी ठरलेली असते.

तेव्हा मी जुन्या जोडीवर आहे, पण दोन अटींवर. डॉक्टर एकच, सेंटर लांब पडलं तरी चालेल. आणि लिव्हर किती नीट दिसलं याची ए, बी, सी अशी श्रेणी असते (ए सगळ्यात नीट, सी सगळ्यात वाईट), ती रिपोर्टात लिहून मागायची. मागितली की मिळते, आणि मागणाऱ्याचं लिव्हर जरा जास्त वेळ बघितलं जातं असा माझा अनुभव आहे.

सी आली तर माझं सगळं म्हणणं उलटतं, हेही खरं. नेरुळचे आमचे साडू वजनाने भारी, मधुमेह, फॅटी लिव्हरवरून सिरॉसिसपर्यंत आलेले. त्यांची दर वेळी सी. दिसतच नाही त्या सोनोग्राफीसाठी उपाशी बसण्यात काय हशील? त्यांच्या डॉक्टरांनी एमआरआय सुचवला, पण त्या नळकांड्यात ते दोन मिनिटं टिकत नाहीत. ते एएफपीसोबत डीएनए करतात, आणि त्यांना मी नको म्हटलेलं नाही. फक्त रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवायला लावलं, की सिग्नल आला आणि सीटी स्वच्छ निघाला तर पुढे काय करायचं. डॉक्टरांनी ते त्यांच्या फाइलवर लिहूनच दिलं: तीन महिन्यांनी सीटी, मधे डीएनए नाही.