कॅन्टनला गेलो, पण शहाऐंशी नंबर काही भेटला नाही

प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, कॅन्टन, ओहायो. अमेरिकन फुटबॉलमधल्या निवडक थोरांचे ब्राँझचे अर्धपुतळे ठेवलेलं संग्रहालय. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे गेला ते पुढे येईलच. इमारतीचा किंवा तिथल्या माणसांचा त्यात काडीचाही दोष नाही.

आधी कामाचं सांगतो. पिट्सबर्गहून गाडीने पावणेदोन-दोन तास, क्लीव्हलँडहून तासभर. आमचे साडू क्लीव्हलँडजवळ राहतात, म्हणजे कॅन्टन दोन्ही घरांच्या साधारण मध्ये पडतं. आठ-दहा वर्षं ‘एकदा जाऊ या’ चाललं होतं, ते २०२५ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी जमलं. मी, माझा पंधरा वर्षांचा मुलगा आणि साडू. दोघी बहिणींनी ‘मुंडकी बघायला एवढी गाडी कोण हाणतं’ म्हणून अंग काढून घेतलं आणि दशम्या-चटणीचा डबा देऊन आम्हाला वाटेला लावलं.

मी २००३ मध्ये मिरजेहून शिकायला पिट्सबर्गला आलो तो तिथल्या स्टीलर्स संघाचा झालो. साडू क्लीव्हलँडच्या ब्राऊन्सचे. हे सांगली-मिरजेसारखं प्रकरण आहे, अंतर थोडं आणि खुन्नस फार. मी निघताना शहाऐंशी नंबरची, पाठीवर वार्ड लिहिलेली जर्सी घातली होती. ती कुठल्याशा वेबसाइटवरून स्वस्तात घेतलेली. तिसऱ्याच धुण्यात सहाचा पोट सुटल्यासारखा गोळा झाला आणि ‘डब्ल्यू’ निम्मा उचकटला. साडूंनी पार्किंगमध्येच सुरुवात केली, “साडूभाऊ, तुमचा माणूस आत जायच्या आधीच सुटायला लागलाय.”

माणूस म्हणजे हाईन्स वार्ड, वाईड रिसीव्हर. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि कडेला उभा असलेला रिसीव्हर सुसाट सुटून तो झेलतो. वार्डने १९९८ ते २०११, सगळे चौदा मोसम स्टीलर्सकडेच काढले. २०१७ पासून तो हॉल ऑफ फेमच्या निवडीला पात्र आहे. उपांत्य यादीत नाव येतं आणि तिथेच अडतं. २०२५ च्या निवडीपर्यंत अंतिम पंधरांत एकदाही नाही. आमच्या दोन घरांत दिवाळीला फराळाबरोबर हा विषय ठरलेला असतो.

आता वास्तूबद्दल. चेंडूच्या आकाराचा घुमट, आत शिरताच जिम थॉर्पचा पळता पुतळा. थॉर्प कॅन्टन बुलडॉग्जकडून खेळायचा. हॉल या आडगावात का, तर एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा जन्मच इथला. १७ सप्टेंबर १९२० रोजी राल्फ हेय (Ralph Hay) नावाच्या मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये संघमालक जमले, खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डवर टेकले, आणि तिथे लीग ठरली. आज अब्जावधींचा असलेला धंदा एका हपमोबिल गाडीच्या पायरीवर बसून ठरला, हे मला फार आवडलं. साडूंचा स्वतःचा गॅरेजचा धंदा आहे, त्यांना माझ्याहून जास्त आवडलं. हॉल उघडला ७ सप्टेंबर १९६३ ला, पहिल्या सतरा जणांना घेऊन. सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, अंगठ्या, जुने चामडी टोप, माती लागलेले बूट हे सगळं आहे, बघाच. मी त्यात वेळ घालवत नाही, कारण खरी गंमत पुतळ्यांच्या दालनात आहे.

तिथे आवाज आपोआप खाली येतो. अंधूक खोली, आणि ओळीने ब्राँझची डोकी, प्रत्येकावर उजेड. पावणेचारशेहून जास्त. जवळ गेलात तर कारागिरी दिसते: मानेची शीर, मोडून बसलेलं नाक, कोणाची वेणी, कोणाच्या गालावरची खळी. पहिली दहा मिनिटं आम्ही तिघंही गप्प होतो. मग साडू लिन स्वानपाशी थांबले आणि मी ओळखलं की आता काही खरं नाही.

वास्तविक स्वान हा माझा मुद्दा. स्टीलर्सचाच रिसीव्हर, सबंध कारकिर्दीत ३३६ झेल आणि ५,४६२ यार्ड (झेलून कमावलेलं अंतर). त्याच संघाचा जॉन स्टॉलवर्थ, ५३७ झेल. स्वान २००१ मध्ये आत गेला, स्टॉलवर्थ २००२ मध्ये. वार्डचे झेल १,०००, यार्ड १२,०८३, टचडाऊन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) ८५. दोघांची बेरीज केली तरी झेल वार्डचेच जास्त भरतात.

“ती बेरीज करायचीच नसते,” साडू म्हणाले. “तो काळ वेगळा. तेव्हा चेंडू फेकायचेच कमी. तुम्ही वार्डला त्याच्या वर्गातल्या मुलांशेजारी उभं करा.”

इथे मला मानावं लागतं की माणूस अभ्यास करून आला होता. टोरी होल्ट १३,३८२ यार्ड. रेजी वेन १४,३४५. स्टीव्ह स्मिथ १४,७३१. तिघंही वार्डच्या पुढे, आणि तिघंही अजून बाहेरच. होल्टने दोन वर्षं, वेनने एक वर्ष सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढले. वार्डने यार्डांत एकदाही नाही. वर्षातल्या सर्वोत्तम संघात पहिल्या फळीत वार्ड कधीच नव्हता, दुसऱ्या फळीत तीनदा. “रांगेत उभे राहा म्हणावं,” साडू म्हणाले, “होल्टच्या मागे.”

मी टचडाऊन काढले. वार्ड ८५, वेन ८२, स्मिथ ८१, होल्ट ७४. साडूंनी हात असा हलवला जसं मी रेशनकार्ड दाखवून विमानात बसायला निघालोय.

पण आकडे कुठून येतात हेही बघायला नको का? होल्ट आणि वेन ज्या संघांत होते तिथे चेंडू हवेतच असायचा. वेनला क्वार्टरबॅक म्हणून पेटन मॅनिंग मिळाला. वार्डला सुरुवातीला कॉर्डेल स्टुअर्ट, मग टॉमी मॅडॉक्स, आणि बेन रॉथलिसबर्गर आला तो थेट २००४ मध्ये. त्यातही २००४ आणि २००५ ला स्टीलर्स फेकण्यापेक्षा चेंडू घेऊन धावायचेच जास्त. जेरोम बेटिस धावायचा, आणि बेटिसला वाट कोण करून द्यायचं? पुढचे पाच धिप्पाड गडी तर असतातच, पण कडेला हा शहाऐंशी नंबर आपल्यापेक्षा वीस-वीस किलोंनी जड लाइनबॅकरच्या, म्हणजे समोरच्या बचावपटूच्या, छातीत घुसायचा. हसत. हे मी पाहिलंय, टकरीनंतर खाली पडलेला वार्ड दात दाखवत उठायचा आणि समोरच्याचं डोकं फिरायचं.

अशा अडवण्याला ब्लॉक म्हणतात. आकडेवारीत ब्लॉकचा रकाना नाही, माझं भांडण एवढंच आहे. शाळेत मी कबड्डी खेळायचो, साखळीत मधला. पकड लागायची ती कोपरारक्षकाच्या नावावर. त्याचा हात धरून ऐन वेळी आत झोकून देणारा मी, गुणपत्रकात कुठेच नाही. गुडघे मात्र माझेच फुटलेले. तेव्हा वार्डबद्दल मी तटस्थ आहे असं कोणी समजू नये.

आणि गुडघ्यावरून आठवलं. वार्डच्या डाव्या गुडघ्यात एसीएल हा अस्थिबंधच नाही. लहानपणी सायकलवरून पडला तेव्हा गेला असावा, आणि ते उघडकीला आलं १९९८ च्या ड्राफ्टआधीच्या (संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या) तपासणीत. त्या वर्षी त्याला तिसऱ्या फेरीत, ९२ वा उचलला. जन्म सोलचा, आई कोरियन. तिने दोन-तीन नोकऱ्या करून त्याला एकटीने वाढवलं. परदेशात पोर वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा भाग जरा जास्त लागतो, पण तो पुतळ्यासाठी निकष होऊ शकत नाही, हे साडूंचं म्हणणं मी तिथल्या तिथे कबूल केलं.

मग मी हुकमाचं पान टाकलं. फेब्रुवारी २००६, डेट्रॉइट, चाळिसावा सुपर बोल. आम्ही सहा जण एका खोलीत, एकच सोफा, हीटर बंद पडलेला. चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू रँडल एलच्या हातात गेला. तोही रिसीव्हर, पण कॉलेजात क्वार्टरबॅक खेळलेला. सगळ्यांना वाटलं पळणार. त्याने पळता पळता फेकला. पलीकडे वार्ड, अंगावर कोणी नाही, ४३ यार्ड, आत जाता जाता उडी. आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडू घेऊन वर आली, ती ओरडायला आली असं वाटलं, तर तिच्या दुसऱ्या हातात स्टीलर्सवाले फिरवतात तो पिवळा टॉवेल होता. स्टीलर्स २१, सीहॉक्स १०. वार्ड पाच झेल, १२३ यार्ड, सामनावीर.

“एक सामना,” साडू म्हणाले.

“आणि हजारावा झेल कुठे घेतला?” मी विचारलं. ते दुसरीकडे बघायला लागले, कारण उत्तर त्यांना पाठ आहे. १ जानेवारी २०१२, क्लीव्हलँड, ब्राऊन्सविरुद्ध. हजार गाठणारा तेव्हा तो आठवाच होता.

एक गोष्ट मात्र साडूंनी काढली आणि माझी गाडी तिथे अडली. २००८ मध्ये वार्डच्या ब्लॉकने सिनसिनाटीच्या कीथ रिव्हर्सचा जबडा मोडला. रिव्हर्सचं लक्ष चेंडूवाल्याकडे होतं, वार्ड आंधळ्या बाजूने आला. तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. पुढच्या वर्षी नियमच बदलला, आणि लोक त्याला आजही हाईन्स वार्ड नियम म्हणतात. ती टक्कर टीव्हीवर पाहून मी टाळी वाजवली होती. आज माझा मुलगा शाळेच्या संघात त्याच जागी खेळतो, संध्याकाळी कोपरापर्यंत हिरवेनिळे हात घेऊन घरी येतो. आज मी ती टाळी वाजवणार नाही. पण ज्याच्या ब्लॉकमुळे लीगला नियम बदलावा लागला, तो ब्लॉक करण्यात साधारण होता असंही कोणी म्हणू नये.

मुलगा इतका वेळ स्टर्लिंग शार्पपाशी उभा होता. २०२५ चा नवा पुतळा. फक्त सात मोसम, मानेच्या दुखापतीने १९९४ नंतर खेळ संपला, ५९५ झेल, पण तीन वर्षं झेलांत लीगमध्ये पहिला. तीस वर्षं थांबावं लागलं. “बाबा, याच्यासारखं एकही वर्ष वार्डचं नाहीये,” पोरगं म्हणालं. घरचाच आहेर. साडूंनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की बाजूचे दोघं वळले.

त्याला उत्तर आहे. २००२ मध्ये ११२ झेल, १,३२९ यार्ड, १२ टचडाऊन. पण खरं सांगतो, त्या दालनात शार्पच्या डोक्यासमोर ते म्हणताना आवाज जरा बसला. वार्ड आत जावा असं मला सकाळी जेवढं वाटत होतं तेवढंच संध्याकाळीही वाटलं. फक्त होल्ट आणि वेन त्याच्या आधी गेले तर मी आता भांडणार नाही. सकाळी भांडलो असतो.

अर्धा तारा निवडीच्या पद्धतीला कापलाय. पन्नासच्या आसपास मतदार, त्यांतले बहुतेक पत्रकार, आणि आत जायला ८० टक्के मतं लागतात. २०२५ पासून नियम आणखी आवळले आणि त्या वर्षी सगळे मिळून चारच जण आत गेले. दार अरुंद असावं हे ठीक, पण अशा दारातून एकेक वर्षाचे विक्रमवीर जातात आणि चौदा वर्षं भिंतीसारखा टिकलेला माणूस खांद्यालाच अडकतो.

जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा आणि चार तास हाताशी ठेवा. तिकीट स्वस्त नाही, पण वसूल होतं. पुतळ्यांचं दालन आधी करू नका, नाहीतर बाकीचं बघायचं राहतं. आमचं राहिलं. दशम्या आम्ही गाडीच्या टपावर डबा ठेवून उभ्यानेच खाल्ल्या. शेवटची कोणाची यावरून पैज लागली. वार्ड आत गेला तर ऑगस्टच्या सोहळ्याची तिकिटं साडूंनी काढायची आणि पिवळा टॉवेल गळ्यात घालून यायचं. होल्ट आधी गेला तर मी ही जर्सी टाकून त्यांनी दिलेली ब्राऊन्सची नारिंगी घालायची. दशमी तेवढ्यात मुलाने खाल्ली होती.